चिठ्ठी दिसली की लाडू वळा
मैत्रिणींनो, सीबीडी बेलापूरला सिडकोच्या अर्बन हाटात पहिल्यांदा गाळा घेतला, तेव्हा आम्ही हौसेनं महिनाभर आधीच नाचणीचे लाडू वळून ठेवले. निम्मे खवट झाले. कर्जाचा हप्ता काही थांबला नाही.

जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी वेगळी रीत बसवली. पुढच्या कामगाराकडून कार्ड आलं, की मागच्यानं तेवढेच भाग करायचे. त्या कार्डाला कानबान म्हणतात. आम्ही डब्यात तळाच्या पन्नास लाडवांवर चिठ्ठी ठेवतो. ती दिसली की घरी फोन, मगच पीठ भाजायचं. पन्नासच का? नवे लाडू पोचेपर्यंत तेवढेच खपतात.

कच्चा माल मात्र इतका मोजून ठेवू नका. 2011 च्या भूकंपानंतर सुटे भाग मिळेनात, तेव्हा टोयोटाचेही कारखाने थांबले होते. आमच्याकडे आठवड्याचा गूळ जादा असतो. पावसात गाडीचा काय भरवसा!