म्हाळसेचा सारीपाट पडद्यावर मांडायचा तर…

देगलूर : नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील या तालुक्याला एकीकडून तेलंगणाची, तर दुसरीकडून कर्नाटकाची सीमा भिडते. बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू कानावर पडते. लोकदैवतांनीही ही सीमा कधी मानलेली नाही. लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत ज्याच्या नावाने भंडारा उधळला जातो, तो खंडोबा बिदर जिल्ह्यात मैलार मल्लण्णा होतो आणि तेलंगणातील कोमुरवेल्लीत मल्लन्ना म्हणून पुजला जातो. लोककथेवरून कथाप्रधान व्हिडिओ गेम रचू पाहणाऱ्या तरुणांना याहून समृद्ध ऐवज शोधूनही सापडणार नाही. प्रश्न आहे तो या ऐवजाचा खेळ कसा करायचा, हा.

खंडोबा म्हटले की मणी-मल्ल दैत्यांचे युद्ध आधी आठवते. मात्र पडद्यावर उतरताच ते तलवारबाजीच्या इतर शेकडो गेमसारखे दिसू लागण्याचा धोका असतो. बाणाईची कथा त्यापेक्षा उजवी. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना खंडोबा हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षांच्या वनवासाला निघतो. बाणाईच्या धनगरवाड्यावर तो चाकर होऊन मेंढरे राखतो. एके दिवशी मेंढरे मारून टाकतो आणि ती पुन्हा जिवंत करण्याच्या बदल्यात तिचा हात मागतो. या कथेत पट आहे, पण आहे, वेषांतर आहे आणि घरी परतल्यावर दोन सवतींचा झगडाही आहे. कथेच्या पोटातच खेळ दडलेला आहे म्हणा ना!

गेमच्या संकल्पनेची पहिली कसोटी हीच असते. कथा ऐकणारा ‘पुढे काय झाले’ असे विचारतो, तर खेळणारा ‘मी काय करू’ असे विचारतो. कळप हाकणे, पाणवठा शोधणे, ओळख लपवणे, सोंगट्या टाकणे या कृती आधी ठरल्या, तर प्रसंग त्यांच्याभोवती गुंफता येतात. हा क्रम उलटला की खेळणारा नुसता प्रेक्षक उरतो.

दुसरा निर्णय अधिक नाजूक असतो. खेळणाऱ्याच्या हाती कोणाची सूत्रे द्यायची? 2009 मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन 2 साठी हनुमानावरील गेम आला, तेव्हा देवतेला बटणांनी नाचवण्यावर परदेशातील काही हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये आणलेल्या ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’मध्ये नायिका साधी माणसाची मुलगी आहे. हरवलेल्या भावाच्या शोधात ती असुरांशी लढते, तर विष्णू आणि दुर्गा निवेदकाच्या भूमिकेत राहतात. हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. बाणाईच्या कथेतही नायक खंडोबा नसून वाड्यावरची एखादी धनगर मुलगी असू शकेल, जिला नव्या चाकराचा संशय येतो.

किंवा गावोगाव जागरण घालणारा वाघ्या. त्याला ठिकठिकाणी कथेचे वेगळे पाठ ऐकू येतील. तेलंगणातील ओग्गू कथेचे गायक मल्लन्नाच्या पत्नींना मेडलम्मा आणि केतम्मा म्हणतात. त्यातली केतम्मा पशुपालक समाजातली, बाणाईसारखीच. रात्रीच्या जागरणात कोणता पाठ गायचा, हे खेळणाऱ्याने ठरवावे. अशा रचनेत मुरळी आली, तर केवळ रंगीत लुगडे आणि घोळ दाखवून भागणार नाही. मुली देवाला वाहण्याच्या प्रथेने अनेकींची आयुष्ये होरपळली आणि राज्याला 2005 मध्ये देवदासी निर्मूलनाचा कायदा करावा लागला, हे विसरता येत नाही.

कथा कोणाची, हाही प्रश्न आहेच. परंपरेने चालत आलेल्या कथेवर कोणाचा मालकी हक्क नसतो. मात्र एखाद्या संग्राहकाने शब्दबद्ध केलेल्या पाठावर भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो. अलास्कातील इनुपिआत समाजाच्या कथेवर 2014 मध्ये ‘नेव्हर अलोन’ हा गेम निघाला. त्यात तेथील आदिवासी परिषद निर्मितीत भागीदार होती, मूळ कथनकाराच्या मुलीची परवानगी घेण्यात आली आणि निवेदन इनुपिआत भाषेतच ठेवले गेले. आपल्याकडे वाघ्या-मुरळींचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांना श्रेय आणि मानधन देणे एवढे तरी अवघड नसावे.

पैशाचे गणित मात्र अवघड आहे. ‘राजी’साठी 2017 मध्ये लोकवर्गणीची मोहीम झाली, पण ती उद्दिष्ट गाठू शकली नाही. प्रकाशित झाल्यावर चित्रशैलीचे कौतुक झाले, तरी लहान लांबी आणि अर्धवट वाटणारा शेवट यांवर समीक्षकांनी बोट ठेवले. म्हणूनच सुरुवात कागदावर करावी. सारीपाट पुठ्ठ्यावर आखून चार मित्रांना खेळवावा. संवादांच्या फांद्या ‘ट्वाइन’ या मोफत साधनात बांधता येतात. ‘गोदो’ हे इंजिनही मोफत असून, 2023 मधील चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात. पार्श्वभूमीच्या चित्रांसाठी तर देगलूर तालुक्यातीलच होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत. आरंभी सगळी बारा वर्षे नकोत. वनवासाची पहिली रात्र, वीस मिनिटांची, खेळून पाहता आली तरी पुरे.