सुकाणू काढणे व बसविणे, जुन्या नौकेचे

सुकाणू काढणे व बसविणे, जुन्या नौकेचे : नौकेची दिशा बदलण्यासाठी तिच्या मागील भागी पाण्यात उभे बसविलेले पाते म्हणजे सुकाणू. पाते वळविले की त्याच्या एका बाजूवर पाण्याचा दाब वाढतो व नौकेची पिछाडी विरुद्ध दिशेस ढकलली जाते. सुकाणू निकामी झाल्यास नौका वाऱ्यालाटांच्या स्वाधीन होते. १९७९ सालच्या फास्टनेट शर्यतीत वादळात सापडलेल्या काही नौकांची सुकाणू मोडली होती. सुकाणूचा भार वाहणारे भाग झाकलेले असल्याने जुन्या शिडाच्या नौकेचे सुकाणू अधूनमधून उतरवूनच तपासावे लागते.

रचना व दोष : अनेक लाकडी नौकांत सुकाणू पिछाडीच्या बाहेर अडकविलेले असते. त्याच्या खुंट्या नौकेवरील कड्यांत, दाराच्या बिजागरीप्रमाणे, फिरतात. काचतंतूच्या बऱ्याच नौकांत सुकाणूचा धातूचा दांडा तळातील नळीतून वर जातो. पात्याच्या आत या दांड्यास धातूच्या पट्ट्या वितळजोडाने जोडलेल्या असून त्यांभोवती फेसाळ प्लॅस्टिक व काचतंतूचे कवच असते. दांडा पात्यात जेथे शिरतो, तेथून पाणी आत झिरपते. साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन अपुरा पडतो. त्यामुळे अगंज पोलादावरील संरक्षक थर टिकत नाही व धातू कुरतडला जातो. पट्ट्या तुटल्यास दांडा फिरतो, पण पाते फिरत नाही. पात्यातून पाणी ठिबकणे, गंजाचे डाग व ढिलेपणा ही याची लक्षणे होत.

काढण्याची रीत : बाहेर अडकविलेले लहान सुकाणू नौका पाण्यात असतानाही काढता येते. नळीतून जाणारा दांडा काढल्यास मात्र नळीवाटे पाणी आत शिरून नौका बुडू शकते. म्हणून ती किनाऱ्यावर घेतात. दांडा पूर्ण खाली उतरेल एवढ्या उंचीवर नौका टेकवितात किंवा पात्याखाली खड्डा खणतात. प्रथम सर्व भागांच्या जागा खुणांनी नोंदवून पात्यास खालून भक्कम आधार देतात. नंतर हातदांडा, चावी, रोधक कडे आणि तळाशी धारवा असल्यास तो काढून सुकाणू हळूहळू उतरवितात. अडकलेल्या दांड्यावर प्रत्यक्ष हातोडा मारू नये. त्याचे टोक पसरून तो नळीतून निघेनासा होतो. झिरपणारे तेल सोडून, लाकडी ठोकळा मध्ये धरून बेताने ठोकावे.

तपासणी व पुन्हा बसविणे : दांडा सरळ आहे का, धारव्यांजवळ तो किती झिजला आहे व पात्यात पाणी आहे का, हे पाहतात. पाण्याची शंका असल्यास तळाशी लहान छिद्र पाडून ते निचरू देतात. आतील पट्ट्यांविषयी संशय असेल, तर कवच उघडणेच इष्ट. नायलॉनचे धारवे पाणी शोषून फुगतात, म्हणून नवा धारवा बसविताना थोडी मोकळीक ठेवतात. दांड्याभोवतीची पाणी अडविणारी वंगणयुक्त दोरी नवी घालतात व काढण्याच्या उलट क्रमाने भाग जोडतात. लाकडी सुकाणू पाण्यात वर उचलले जाऊन कड्यांतून निसटू शकते. त्यासाठी वरून अटकाव ठेवणे अगत्याचे असते. शेवटी सुकाणू दोन्ही बाजूंस अडथळ्याविना फिरते व रोधकांपाशी थांबते, याची खात्री करतात. नौका पाण्यात उतरविल्यावर दांड्यापाशी गळती नाही हे पाहूनच ती समुद्रात नेतात.