बंद पेटीतला वारा

संपादकांना हवी होती नटनट्यांच्या व्हॅनिटी व्हॅनची आतली हकिकत: कुणाच्या गाडीत कसले आरसे, कुणाची खुर्ची कशी फिरते. गोरेगावच्या चित्रनगरीत अशा गाड्यांची रांग उभी होती. आत डोकावून झालं, आरसेही पाहून झाले. पण मी अडकले ती एका गाडीच्या मागच्या अंगाला. तिथे पत्र्याचं दार उघडून एक मिस्त्री बॅटरीच्या उजेडात जनरेटरचा रेडिएटर निरखत बसले होते. आरशांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

इतिहास थोडक्यात सांगते. चित्रनगरी १९७७ची, पण बाहेरच्या चित्रीकरणात नट्यांना कपडे बदलायला आडोसा शोधावा लागे, तो पुढेही बरीच वर्षं. हिंदी सिनेमात व्हॅनिटी व्हॅन आणण्याचं श्रेय पूनम धिल्लन यांना दिलं जातं. मग या गाड्यांत एसी आले, संडास-न्हाणी आली, मायक्रोवेव्ह आला, आणि हे सगळं चालवायला डिझेल जनरेटर गाडीच्याच पोटात बसला. २००१च्या ‘लगान’नंतर सेटवरच आवाज मुद्रित करण्याची पद्धत पुन्हा रुजू लागली, तशी जनरेटरची घरघर ध्वनिमुद्रकाच्या कानाला खुपू लागली. कायद्यानेही १ जानेवारी २००५पासून बनणाऱ्या, १००० केव्हीएपर्यंतच्या जनरेटरला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा घातली. जनरेटर फोमचं अस्तर लावलेल्या पेटीत, म्हणजे कॅनोपीत, गेला आणि घोळ सुरू झाला.

डिझेलमधल्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच कामी येते. उरलेली धुराबरोबर आणि पाण्यावाटे उष्णता म्हणून बाहेर काढावी लागते. १५ केव्हीएचा संच पुऱ्या लोडवर १२ किलोवॉट वीज देतो आणि जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरच्या गळ्यात घालतो. पाच गीझर एका ट्रंकेत कोंडून एकदम चालू ठेवावेत, असा हा प्रकार. धावत्या गाडीच्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. व्हॅनचा जनरेटर चालतो तो मात्र गाडी उभी असताना. त्याची भिस्त स्वतःच्या पंख्यावर. पन्नास हर्ट्झ राखण्यासाठी इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर बांधलेलं असतं, त्यामुळे ऊन तापलं तरी बेल्टवरचा पंखा त्याच वेगाने फिरत राहतो. शिवाय आवाज जिरवण्यासाठी हवेच्या वाटेत जी वळणं आणि पडदे घातलेत, ते वाराही अडवतात. पेटी जितकी मुकी, तितकी ती घुसमटलेली.

मिस्त्री मूळचे माण तालुक्यातले. हाताखालची पोरं त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. “ताई, बाहेरनं बघा. कसा दिसतोय?” रेडिएटर लख्ख दिसत होता. मग त्यांनी हात आत घालून पंख्याच्या बाजूने बॅटरी धरली. वरच्या कोपऱ्यात चार बोटं जागेतून उजेड आला. बाकी सगळा काळोख.

अशा संचात पंखा बहुतेक वेळा हवा आतून बाहेर ढकलतो. त्यामुळे कचरा बसतो तो आतल्या अंगाला, इंजिनाकडच्या तोंडावर, जिथे कुणाची नजर जात नाही. इंजिनाच्या ब्रीदरमधून निघणारी तेलाची वाफ त्या धुळीला चिकटवते, आणि वाईकडच्या तांबड्या मातीत दोन-चार आठवडे शूटिंग झालं की रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये, म्हणजे फिनांमध्ये, घट्ट खपली धरते. मालक बाहेरून पाहतो आणि म्हणतो, रेडिएटर तर नवा कोरा आहे.

काका आधी अल्टरनेटर प्लास्टिकने गुंडाळतात. मग आतल्या बाजूने साबणाचं पाणी मारून खपली भिजू देतात आणि नंतर बाहेरून आत, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, पाण्याची मंद धार सोडतात. प्रेशर वॉशर त्यांच्या हद्दीत चालत नाही. त्याने फिना दुमडतात आणि धुण्याआधी जेवढी हवा जात होती तेवढीही जात नाही. दुमडलेल्या फिना ते दातेरी पट्टीने एकेक सरळ करतात. हे पाहताना माझा वेळ कसा गेला कळलं नाही. वेगात काम करणारी माणसं मला आवडतात, पण काकांचा सावकाशपणा मला जास्त पटला.

पाण्याबद्दल त्यांची मतं आणखी कडक. मुंबईत बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असा सवाल ड्रायव्हर करतात आणि बोअरचं पाणी ओततात. गोठण्यापुरतं ते खरं आहे. नुसतं पाणी तर ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. पण कूलंटमधली रसायनं गंज रोखतात आणि जड पाण्याचा क्षार आतल्या नळ्यांत बसतो. टोपणाचंही तसंच. प्रेशर कॅप ही नुसती झाकणी नसते. आतला दाब वाढवून ती पाण्याचा उत्कलनबिंदू १००च्या बराच वर नेते. तिचं रबर वातड झालं की पाणी लवकर उकळतं आणि दोष पंपाला लागतो. थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्त्री तर काकांच्या डोक्यात जातात. साधारण ८० अंशांच्या पुढे आतलं मेण फुगून तो पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करतो. तो नसला की कमी लोडवर इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल धड जळत नाही. काही इंजिनांत तर पाणी बायपासनेच फिरत राहतं आणि हीट उलट वाढते. काका थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगतात, शेजारी थर्मामीटर सोडतात, गॅस लावतात आणि तो कधी उघडतो ते बघतात.

एवढं सगळं नीट केलं तरी मे महिना उरतोच. दुपारी सगळे एसी जोरात, म्हणजे लोड सर्वांत जास्त, आणि नेमकी तेव्हाच बाहेरची हवा सर्वांत गरम. त्यात प्रॉडक्शनवाले जागा वाचवायला व्हॅन एकमेकींना खेटून लावतात. एकीने बाहेर टाकलेली गरम हवा शेजारची आत ओढते. कधी भिंतीवर आपटून स्वतःचीच हवा परत येते. काकांनी दोन गाड्यांमध्ये माणूस आरामात फिरेल एवढी जागा मागून पाहिली. उत्तर मिळालं, फ्रेममध्ये गाड्या दिसतात, आणखी मागे घ्या. मागे डोंगर होता.

सगळ्यात मोठी काळजी मात्र एका वायरची. पाणी ठरावीक तापमानापुढे गेलं की सेन्सर इंजिन बंद करतो. शॉट चालू असताना एसी बंद पडला, मेकअप वितळला, की आरडाओरडा होतो ऑपरेटरवर. मग कुणीतरी ती वायर काढून ठेवतं. खरं तर वायर जागेवर असली तरी पुरती खात्री नसते: होज फाटून पाणी निघून गेलं, तर सेन्सर रिकाम्या जागेत लोंबकळत राहतो, त्याला खरं तापमान कळत नाही, आणि इंजिन कोरडं धावत जाम होतं. म्हणून काका पाण्याची पातळी पाहणारा वेगळा सेन्सर बसवा म्हणून मालकांच्या मागे लागलेत. निदान रोज सकाळी, इंजिन थंड असताना, टोपण उघडून बघा, एवढं तरी.

इंजिन तापून हेड पॅकिंग उडालं की खर्च कुणाचा, यावर प्रॉडक्शन मालकाकडे बोट दाखवतं, मालक ऑपरेटरकडे, आणि ऑपरेटर तोवर दुसऱ्या गाडीवर गेलेला असतो. काकांनी यावर वही घातली आहे. वायर जोडली, तारीख, गाडीचा नंबर, ड्रायव्हरची सही. मी पानं उलटली. एकाच गाडीची तीच नोंद पुन्हा पुन्हा होती, आणि प्रत्येक वेळी सही वेगळ्या माणसाची.