नोंदीची विद्या

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वाणिज्य व व्यवस्थापन विद्याशाखेखाली बीबीए (कॉम्प्युटर ॲप्लिकेशन) या नावाने जी पदवी दिली जाते, तिच्या अभ्यासक्रमावर वरवर नजर टाकणाऱ्यास तेथे दोन भिन्न विद्या केवळ वेळापत्रकाच्या सोयीसाठी शेजारी बसविल्या आहेत असे वाटण्याचा संभव आहे. कारण एकीकडे व्यवस्थापनाची तत्त्वे व वित्तीय लेखांकन, तर दुसरीकडे सी भाषा व डेटाबेस असा तिचा विस्तार असून, नावे-जमेचे नियम शिकविणाऱ्या अध्यापकांचा प्रोग्रॅम तपासणाऱ्या अध्यापकांशी काही आंतरिक संबंध असेल अशी कल्पना नव्या विद्यार्थ्यास सहसा येत नाही. हा संबंध मला पुरतेपणी उमगला तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील कांदा-बटाटा विभागात, जेथे मी व माझा एक सहाध्यायी प्रकल्पाच्या निमित्ताने एका अडत दुकानाचे, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्या पेढीचे, दप्तर अभ्यासण्यासाठी जात होतो.

या दुकानाचा सारा व्यवहार ज्या एका कागदापाशी येऊन ठरतो, त्याला पट्टी म्हणतात. गाडीतून पिशव्या उतरतात, आवक नोंदली जाते, थप्पी लागते, खरेदीदार कांदा हातात घेऊन पारखतात, भाव ठरतो, वजन होते. आणि त्यानंतर दुकानाचे हिशेब लिहिणारे दिवाणजी एकूण रकमेतून हमाली, तोलाई, मोटारभाडे व शेतकऱ्याने पूर्वी घेतलेली उचल वजा करून निव्वळ देणे मांडतात. ज्याने चार महिने शेतात राबून पीक काढले, त्याच्या श्रमाचे मोल या कागदाच्या तळाशी एका आकड्यात उतरत असल्याने, तेथील प्रत्येक नोंद खरी असणे हा नैतिक प्रश्न आहे, हे ध्यानात ठेवूनच आम्हांला कामास आरंभ करावा लागला.

टॉम डीमार्को यांनी १९७८ साली ज्या पद्धतीचे विवेचन ग्रंथरूपाने केले, ती माहितीचा प्रवाह आकृतीत दाखविण्याची पद्धत आम्ही प्रथम वापरली. तीत संपूर्ण दुकान एका वर्तुळात काढून शेतकरी, खरेदीदार, वाहतूकदार व बाजार समिती हे बाहेरचे पक्ष भोवती मांडतात, आणि मग वर्तुळ उकलीत आतील कामे एकेक करून दाखवितात. परंतु तिचा खरा कस एका साध्या नियमात आहे, तो असा की, जी माहिती एखाद्या कामातून बाहेर पडते, ती कोठून आत आली हे दाखविता आलेच पाहिजे. या नियमाने पट्टीवरील प्रत्येक रकाना तपासू लागताच, हमालीचा दर कोठेही लिहिलेला नसून तो दिवाणजींच्या स्मरणातच आहे, असे आढळले. ‘‘काका, हा दर तुम्ही कोठून घेता?’’ असे विचारताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘अरे, कोठून म्हणजे? ठाऊक असतो.’’ ते ‘ठाऊक असणे’ तपशीलवार लिहून काढणे हेच पुढे आमच्या कामाचे मर्म ठरले.

पुढची पायरी नोंदींच्या रचनेची. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात माहिती कोष्टकांच्या रूपाने मांडण्याचा जो सिद्धांत सांगितला, त्यातून पुढे विकसित झालेल्या नियमांचे सार असे की, प्रत्येक तथ्याची नोंद एकाच ठिकाणी असावी. हा नियम वर्गात रुक्ष वाटतो. पण एकाच शेतकऱ्याचे गाव एका पट्टीवर एक, दुसरीवर दुसरे, आणि फोन तिसऱ्याच व्यक्तीचा, असे दृश्य डोळ्यांपुढे आले म्हणजे त्याची आवश्यकता पटते. शेतकरी ओळखावा कसा? एकाच गावात, एकाच भावकीत, एकाच नावाचे दोघे असतात, आणि मोबाइल नंबर बापलेकांत सामाईक असतो; म्हणून प्रत्येकास दुकानाचा स्वतंत्र क्रमांक देणे भाग पडले. एका आवकेचा माल तीन खरेदीदारांत विभागला जातो, तरी शेतकऱ्यास पट्टी एकच मिळते. म्हणून आवक व विक्री यांची कोष्टकेही वेगळी करावी लागली.

सूक्ष्म विचार करावा लागतो तो रिकाम्या रकान्याचा. माल आला पण विकला गेला नाही, तर भावाच्या रकान्यात शून्य लिहिणे म्हणजे तो फुकट गेला असे लिहिणे होय. तेथे ‘अद्याप अज्ञात’ अशीच नोंद हवी, आणि डेटाबेसमध्ये त्यासाठी शून्याहून निराळी अशी सोय आहे. मापाचेही तसेच: पुण्यात कांद्याचा भाव दहा किलोंना बोलला जातो, तर सरकारी बाजारभावांच्या तक्त्यात तो क्विंटलला असतो; आकड्यासोबत माप न नोंदल्यास तोच आकडा दहापट खोटा ठरतो.

कायदा बदलला म्हणजे रचनेची कसोटी लागते. २०१६ साली राज्य शासनाने फळे-भाजीपाल्यावरील अडत, म्हणजे दुकानदाराची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा पट्टीतील एक वजावट नाहीशी होऊन ती खरेदीदाराच्या बिलात गेली. अशा वेळी जुन्या पट्ट्यांचा हिशेब जुन्याच नियमाने वाचता यावा यासाठी प्रत्येक दरासोबत तो कोणत्या तारखेपासून अंमलात आला हेही नोंदावे लागते. आम्ही ते केले, आणि दिवाणजींनी त्याची चाचणी २०१६ पूर्वीची एक पट्टी काढूनच घेतली.

पट्टीच्या अशा नोंदींतच लेखांकन व संगणक एकमेकांस भेटतात. १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या लुका पाचोली यांच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन आहे; त्या पद्धतीचा आग्रह असा की नावे लिहिलेली रक्कम कोठेतरी जमा झालीच पाहिजे. आणि डेटाबेसचा आग्रह असा की खरेदीदाराच्या खात्यावर बाकी चढविणे व शेतकऱ्याच्या खात्यावर देणे मांडणे ही दोन्ही कामे एकत्र पूर्ण व्हावीत, आणि मध्येच वीज गेली तर त्यांतले एकही झाले असे धरू नये. पाच शतकांच्या अंतराने सांगितलेली ही एकच शिस्त आहे.

म्हणूनच मला असे आग्रहाने म्हणावेसे वाटते की, या पदवीच्या विद्यार्थ्यास शेवटच्या सत्रापर्यंत न थांबविता पहिल्या वर्षीच एखाद्या चालत्या दप्तरात, मग ते पतसंस्थेचे असो, दूध संकलन केंद्राचे असो वा औषधाच्या दुकानाचे असो, नोंदी करणाऱ्या माणसाशेजारी बसविले पाहिजे. प्रोग्रॅमच्या भाषा बदलत राहतील, आणि त्या शिकणे अवघडही नाही; परंतु कोणते तथ्य नोंदावे, ते कोणाच्या शब्दावर खरे मानावे आणि त्या नोंदीतील चुकीची झळ कोणास पोहोचेल, हे ओळखण्याची दृष्टी ज्यास लाभली, त्याच्याच हाती लोकांचे हिशेब निर्धास्तपणे सोपविता येतील.