राशीत हात घालण्याचा हक्क

'हलाल' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे सुरी आणि मांस एवढेच उभे राहते. वस्तुतः हलाल म्हणजे अनुज्ञात. जे करण्यास मोकळीक आहे ते. इस्लामी विचारात ही कसोटी ताटातल्या घासाला लागते, तशीच तो घास ज्या पैशाने आला त्या पैशालाही लागते. खोट्या मापाची कमाई हलाल ठरत नाही, मग ताटात काहीही वाढलेले असो.

हदीस वाङ्मयात एक प्रसंग आहे. पैगंबर धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला. वर धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा माणूस आपला नव्हे, असे बजावले.

ग्राहक-संरक्षणाचे मूळ या एका कृतीत आहे, आणि नेमकी हीच कृती आपल्या समाजव्यवस्थेने अस्पृश्यांना नाकारली होती. दुकानाच्या पायरीखाली उभे राहायचे, पैसे दुरून टाकायचे, वरून पदरात पडेल ते मुकाट्याने घ्यायचे. राशीला हातच लावता येत नसेल तर आतली ओल कळणार कशी? अस्पृश्यता ही मानहानी होती, तशीच ती रोजची आर्थिक लूटही होती. या दुसऱ्या बाजूकडे आपल्या लिखाणात पुरेसे लक्ष गेलेले नाही. विक्रेता अस्पृश्य असला की त्याच्या मालाला कोणी शिवत नसे. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले तेव्हा स्पृश्य गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. शाहू महाराजांना स्वतः तेथे जाऊन चहा प्यावा लागला.

गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे ठिकाण. डोंगरवाड्यांतली माणसे बाजाराला येथेच उतरतात. पायलीने मोजण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना घेताना शीग आणि देताना सपाट हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही. कुराणाच्या ८३व्या सूरेचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले असून तिची सुरुवात याच दुटप्पीपणाच्या धिक्काराने होते. माल घेऊन येणाऱ्याला भाव कळण्याआधी वाटेतच गाठून खरेदी करण्यास हदीसमध्ये मनाई आहे. बाजारात पोचल्यावर त्याला सौदा मोडण्याची मुभा आहे. वाडीवर टेम्पो नेऊन भाव न सांगता माल उचलणाऱ्या दलालाला ही मनाई तंतोतंत लागू पडते.

कर्जाबद्दलचा नियम याहून मोलाचा आहे. व्याज निषिद्ध आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असे दुसऱ्या सूरेतील २८२वे वचन सांगते, आणि मजकूर सांगण्याचा अधिकार कर्ज घेणाऱ्याला देते. तो असमर्थ असेल तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावा. (त्याच वचनात दोन स्त्रियांची साक्ष एका पुरुषाच्या जागी धरली आहे, ते आपल्याला मान्य होणारे नाही.) १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली. कागद तेथेही होताच. मजकूर सावकाराचा, अंगठा कुळाचा!

अर्थात तत्त्व उदात्त असले की आचरणही तसेच असते, असे नाही. अकराव्या शतकातील मावर्दी या शास्त्रकाराने 'मुहतसिब' या बाजार-निरीक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यात वजने तपासण्याबरोबर गुलामांकडून ताकदीबाहेर काम करून घेणाऱ्या मालकाला अडवणे हेही आहे. म्हणजे गुलामगिरी होती, ती राहणार होती. फक्त ओझे हलके व्हावयाचे होते.

तरीही मुहतसिब हा सार्वजनिक अधिकारी होता. आजचा हलालचा शिक्का खासगी संस्था देतात आणि त्याचे शुल्क उत्पादक भरतो. तो घटकपदार्थ आणि कत्तलीची रीत सांगतो. कारखान्यातल्या मजुराला मजुरी वेळेवर मिळाली की नाही, हे सांगत नाही. वास्तविक मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही शिकवणही त्याच परंपरेतली आहे. उत्तर प्रदेश सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्यातीचा माल वगळून अशा शिक्क्याच्या वस्तूंवर बंदी घातली. महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये हिंदू खाटिकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र पुढे आले. या वादात मटण ताजे आहे का, वजन पुरे आहे का, हे कोणी विचारत नाही. कोणाच्या हाताने कापले, एवढेच विचारले जाते. हा प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे, आणि मुदत ठरली नसेल तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत न घेणे हीसुद्धा. दोष लपवून विकलेला माल परत करण्याचा अधिकार इस्लामी धर्मशास्त्रातही आहे. गारगोटीच्या माणसाला जिल्हा आयोगासाठी कोल्हापूर गाठावे लागते. मात्र आता तक्रार ऑनलाइनही नोंदवता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही लागत नाही. लागतो तो कागद. शंभर रुपयांच्या किराण्याचे बिल मागणारे गिऱ्हाईक दुकानदाराला आजही उद्धट वाटते.