बोलणं येतं, वाचन शिकवावं लागतं

मूल दीड वर्षाचं झालं तरी बोलेना, की घरातलं कुणीतरी मधात वेखंड उगाळायला घेतं. नाहीतर ‘याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला’ असं म्हणून विषय मिटतो. तेच मूल तिसरीत अडखळत वाचायला लागलं, तरी ‘येईल हळूहळू’ म्हणून पुन्हा वाट पाहिली जाते. मेंदूच्या दृष्टीने बोलणं आणि वाचणं या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. बोलण्याची तयारी मूल जन्मतःच घेऊन येतं. लिपी हा माणसाचा जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वीचा शोध आहे आणि तो प्रत्येक मुलाला नव्याने शिकवावा लागतो. आपण मात्र दोन वर्षांच्या मुलाला ‘बोल, बोल’ म्हणून घोकवतो आणि सात वर्षांच्या मुलाचं वाचन नशिबावर सोडतो.

आधी वेखंडाचं पाहू. भाषेची सुरुवात जिभेवर होत नाही, कानात होते. गर्भातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. नवजात बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे अमेरिकेत १९८० साली झालेल्या प्रयोगात दिसलं. म्हणून मूल बोलत नसेल तर पहिली तपासणी कानांची. ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, आवाज काढतं, त्यामुळे आई-वडील फसतात. सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही किंवा दोन वर्षं झाली तरी ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जुळत नाहीत, तर थांबू नये. मुलगे मुलींपेक्षा सरासरीने थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण हा फरक फार लहान आहे, त्याच्या भरवशावर वर्ष घालवण्याइतका नक्कीच नाही. श्रवणदोषाच्या तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३पासून आहे.

दुसरा समज असा, की मूल ऐकलेलं फक्त पोपटासारखं परत म्हणतं. मग अडीच वर्षांची मुलगी ‘बाबा ऑफिसला जाला’ कुठून आणते? घरात असं कुणीच बोलत नाही. ‘बसला’, ‘उठला’, ‘पळाला’ ऐकून तिने नियम काढलेला असतो आणि तो ‘जा’ला लावलेला असतो. ‘करलं’, ‘देला’ हे त्याचेच भाऊबंद. जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं बनावट नाव सांगून त्याचं अनेकवचन विचारलं. तो शब्द मुलांनी जन्मात ऐकला नव्हता, तरी बहुतेकांनी ते बिनचूक सांगितलं. म्हणून ‘जाला’ ऐकून रागवायचं कारण नाही. ‘हो, गेले बाबा’ एवढं सहज म्हटलं की काम होतं. एरवीही आई-वडील व्याकरण क्वचितच सुधारतात. गायीला म्हैस म्हटलं तर मात्र लगेच सुधारतात. लाडाने लांबवलेले, वरच्या पट्टीतले बोल आणि हम्मा, भूभू, जोजो यांनीही मूल बोबडं राहत नाही. तो सूर बाळांना आवडतो आणि त्याकडे त्यांचं लक्ष अधिक लागतं.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, ही भीती शहरी घरांत फार. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा १९८४चा अभ्यास इथे आपल्याला जवळचा वाटेल, कारण त्यांनी हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वापरले होते. इंग्रजीभाषक घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता. वर्षाच्या आसपास तो फार थोड्यांना कळला, कारण त्यांच्या घरात त्याचा उपयोगच नव्हता. मेंदू जे ऐकतो ते ठेवतो, उरलेलं सोडून देतो. दोन भाषा कानावर असतील तर दोन्ही ठेवतो. एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी मिसळणं हा आजार नव्हे. तसं तर मोठी माणसंही बोलतात. फक्त अशा मुलाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत.

भाषा कानावर पडायला हवी म्हणून मोबाइलवर गाणी लावून देणं मात्र फसवं. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ती बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तेवढंच चित्रफितीतून ऐकलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही.

आता वाचनाकडे. ‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, मग शिकवायचं काय?’ हे वाक्य शिक्षकांच्या तोंडूनही ऐकू येतं. जरा तपासून पाहा. ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च एकच का? ‘अंगण’, ‘अंत’ आणि ‘आंबा’ यांतल्या टिंबाचे उच्चार तीन आहेत. ‘बसला’मधला स आपण अर्धा वाचतो, लिहितो पूर्ण. ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि नंतर वाचायची. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार त्याच्या आधी. मोठ्यांना हे दिसत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. इंग्रजीपेक्षा आपली लिपी नियमित आहे हे मान्य, पण चिन्हं कितीतरी जास्त. सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कन्नड लिपी रचनेने आपल्यासारखीच, आणि तिचा अक्षरसंच पक्का व्हायला मुलांना चौथीपर्यंतची वर्षं लागताना त्यात दिसली. म्हणजे पहिलीतच सगळं यावं हा हट्टही चूक आणि पहिलीनंतर लिपी शिकवणं बंद करणंही चूक.

‘आधी मुळाक्षरं, मग पूर्ण बाराखडी, मग शब्द’ या क्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीसाठी तो वाईट आहे. वर्णमालेची मांडणी उच्चारस्थानांची आहे, शास्त्रज्ञाला ती मोहवते. सहा वर्षांच्या मुलाला त्यात वाचायला काही मिळत नाही. ते चालीवर ‘क का कि की’ म्हणतं आणि मधलाच ‘कू’ दाखवला की पुन्हा ‘क’पासून सुरू करतं. त्याऐवजी म, क, ल, न आणि काना एवढंच घेतलं तरी मका, काम, नाक, कान, मान, लाल असे शब्द हाती येतात.

गफ आणि टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. दोन्हींपैकी एक शून्य, तर गुणाकार शून्य. वारली किंवा कोरकू बोलणाऱ्या घरातलं मूल प्रमाण मराठीचा धडा खडखडीत वाचतं आणि त्याला त्यातलं काहीच कळत नाही, ते याच सूत्रामुळे. त्याच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हणून त्याची समज वाढत नाही. ती बोली वर्गात वापरली तर वाढते.

२०२२च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २०.५ टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. यातली कित्येक मुलं स्वतःचं पाठ्यपुस्तक मात्र घडाघडा म्हणून दाखवतील, कारण ते पाठ झालेलं असतं. घरी खात्री करायची असेल तर पुस्तक मिटा आणि कागदावर ‘टिमकुडा’, ‘लोबीस’ असे निरर्थक शब्द लिहून द्या.