मोहफूल म्हणजे फक्त दारू? यवतमाळच्या जंगलातल्या या सुकामेव्यात नेमके काय असते

मार्च-एप्रिल आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत पहाटेच मोहाच्या झाडाखाली टोपल्या पोचतात. रात्रीतून गळालेली पिवळसर, गरदार फुले गोंड, कोलाम, परधान कुटुंबे वेचतात. उन्हात वाळली की ती तांबूस होतात आणि मनुकांसारखी दिसू लागतात. शहरात मात्र मोहाचे नाव काढले की आधी दारूच आठवते. प्रत्यक्षात मोहफूल हे खाण्याची वस्तू आहे.

मोहफुलात काय असते?

मुख्यतः साखर. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोजचा असतो. त्यामुळे ते लगेच ऊर्जा देते. सोबत पोटॅशियम, कॅल्शियम यांसारखी खनिजे आणि काही तंतुमय पदार्थ मिळतात. प्रथिने थोडीच असतात. ताज्या फुलात क जीवनसत्त्व असते, पण वाळवताना ते बरेच कमी होते.

प्रूनसारखा फायदा होतो का?

प्रून म्हणजे वाळवलेले आलुबुखार. बद्धकोष्ठतेवर ते उपयोगी पडते, कारण 100 ग्रॅम प्रूनमध्ये सुमारे 7 ग्रॅम तंतू आणि 15 ग्रॅमच्या आसपास सॉर्बिटॉल असते. सॉर्बिटॉल आतड्यात पूर्ण शोषले जात नाही, ते पाणी धरून ठेवते आणि शौचाला साफ होते. मोहफुलाचा गोडवा मात्र साध्या साखरेचा आहे. त्यामुळे प्रूनचा हा गुण मोहफुलाला चिकटवता येत नाही. ते पौष्टिक खाणे आहे, औषध नाही.

मग खायचे कसे?

वाळलेल्या फुलांतले परागकेसर आणि कचरा काढून ती कोरडी भाजतात, कुटतात आणि तीळ, जवस किंवा शेंगदाण्याच्या कुटात मिसळून लाडू वळतात. ही जोडी उपयोगाची आहे. मोहात जे कमी आहे, म्हणजे प्रथिने आणि स्निग्धांश, ते तीळ-शेंगदाणे भरून काढतात. गूळ घालावा लागत नाही. फुले शिजवून पिठात मिसळून भाकरही करतात.

कोणी जपून खावे?

मधुमेह असलेल्यांनी. साखर नैसर्गिक असली तरी रक्तातली साखर वाढवतेच. इतरांनीही एखाददुसऱ्या लाडवावर थांबलेले बरे. ओलसर राहिलेल्या फुलांना बुरशी लागते किंवा ती आंबतात. अशी फुले खाऊ नयेत. ती कडक वाळवून हवाबंद डब्यात ठेवावीत.

हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणी संपली की शेतातली मजुरी आटते आणि नेमका तेव्हाच मोह फुलतो. जंगलाकाठच्या घरांना उन्हाळ्यात यातून खायलाही मिळते आणि चार पैसेही. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्या समाजांचा गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. पण फुलांकडे दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहिले गेल्याने ती बाळगण्यावर, नेण्यावर जुने निर्बंध होते. राज्य सरकारने ते 2021 मध्ये उठवले.

तरी अडचण उरतेच. साठवायची कोरडी जागा नसेल तर पावसाआधी फुले मिळेल त्या भावात विकावी लागतात. तीच फुले लाडू होऊन विकली गेली तर मोल वाढते आणि ते वेचणाऱ्याच्या घरात राहू शकते. पुढच्या वेळी कुठे बचत गटाच्या टेबलावर मोहाचे लाडू दिसले, तर नाक न मुरडता एक चाखून पाहा. त्यात नशा नसते.